लांबणारा गार्डन पाइप (मॅजिक होज) घ्यावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नळ सोडला की तिप्पट लांब होतो, बंद केला की आपोआप आखडतो, आणि काम झाल्यावर एका हातात मावतो. जाहिरातीत हा पाइप असा दिसतो आणि तो खरोखर तसा चालतोही, पण नळाला प्रेशर असेल तरच. आपल्याकडे बहुतेक घरांत पाणी येतं ते गच्चीवरच्या टाकीतून, निव्वळ उंचीच्या जोरावर. फसगत होते ती इथेच. म्हणून खालच्या उत्तरांत प्रेशरचा विषय पुन्हा पुन्हा येईल. तो कंटाळवाणा वाटला तरी टाळू नका, कारण पैसे वाया जाणार की नाही हे तिथेच ठरतं.

थोडक्यात सांगा, घ्यावा की नाही?

तुमचा नळ टाकीतल्या पाण्यापासून साधारण वीस मीटर किंवा जास्त खाली असेल, किंवा लाइनवर प्रेशर पंप असेल, तर विचार करा. त्यावर दोन अटी. वापर झाला की पाइप रिकामा करून सावलीत ठेवायची सवय हवी, आणि जड पाइप ओढणं, गुंडाळणं हा तुमचा खरा त्रास असायला हवा. प्रेशरचंच गणित जमत नसेल तर पुढचं काही बघू नका. साधा ब्रेडेड, म्हणजे आत नायलॉनची जाळी असलेला पाइप घ्या.

हा पाइप लांबतो कसा?

आत रबरासारखी ताणणारी पातळ नळी असते, बाहेर विणलेल्या पॉलिस्टरची खोळ. दोन्ही फक्त टोकांना एकत्र आवळलेल्या असतात, मधे सगळं मोकळं. नळी आखूड आणि खोळ तिच्यापेक्षा बरीच लांब, त्यामुळे रिकामा पाइप चुण्यांचा दिसतो. पाणी आत आलं आणि त्याला बाहेर पडायची वाट अरुंद असली की आत दाब वाढतो, नळी जाडीला आणि लांबीला दोन्हीकडे ताणते. खोळ पूर्ण सरळ झाली की ती नळीला आणखी फुगू देत नाही. पाणी धरायचं काम नळीचं आणि जोर झेलायचं काम खोळीचं, अशी ही वाटणी आहे. खोळ एका जागी जरी विरली तरी तिथे नळीचा फुगा येतो आणि फुटतो, तो यामुळेच.

‘वाट अरुंद’ हे महत्त्वाचं. टोकाला नोझल नसेल, तोंड उघडं असेल, तर पाणी सरळ निघून जातं, आत दाब तयार होत नाही आणि पाइप फारसा लांबत नाही. बादली भरायला किंवा झाडाच्या आळ्यात पाणी सोडून ठेवायला हा पाइप म्हणूनच चांगला नाही.

ही कल्पना अमेरिकेतली. मायकेल बेरार्डी यांनी २०११ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, २०१२ मध्ये पेटंट मिळालं आणि टीव्हीवरच्या जाहिरातींमधून हा पाइप घरोघरी गेला. तिथे घराच्या नळाला साधारण ४० ते ६० पीएसआय, म्हणजे पावणेतीन ते चार बार प्रेशर असतं (पीएसआय आणि बार ही दाब मोजायची एककं). पाइपची रचना त्या प्रेशरला धरून झाली आहे. पुण्या-नाशिकच्या गच्चीवर तो तसाच चालेल हे गृहीत धरता येत नाही.

माझ्या नळाला पुरेसं प्रेशर आहे का, हे कसं ओळखायचं?

हिशेब सोपा आहे. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे जवळपास एक बार, म्हणजे साधारण १४ पीएसआय. टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून तुमच्या नळापर्यंतचं उभं अंतर मोजा आणि दहाने भागा. पाइप कितीही वळणं घेत आला असला तरी हिशेबात उभं अंतरच धरायचं. एका मजल्याचे तीन मीटर धरले तर:

– टाकी जिन्याच्या खोलीवर आणि नळ त्याच गच्चीवर: अडीच-तीन मीटर, म्हणजे पाव बारच्या आसपास.
– एकमजली बंगला, अंगणातला नळ: आठ-नऊ मीटर, म्हणजे एक बारला थोडं कमी.
– चार मजल्यांची इमारत, तळाच्या पार्किंगमधला नळ: चौदा-पंधरा मीटर, दीड बारच्या आत-बाहेर.
– आठ मजल्यांची इमारत, तोच नळ: पंचवीस मीटर, अडीच बार.

या पाइपांना पूर्ण लांब व्हायला साधारण दोन-तीन बार लागतात. एक बारच्या खाली कुठल्याही कंपनीच्या पाइपकडून आशा ठेवू नका. एक ते दोनच्या मधे असाल तर तो लांबेल, पण सांगितलेला पूर्ण आकडा गाठणार नाही.

हा हिशेब पाणी थांबलेलं असतानाचा आहे. वाहायला लागलं की लाइनमध्ये प्रेशर पडतं, आणि जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपांत आतून गंज-क्षार चढलेला असेल तर फारच पडतं. त्यामुळे कागदावरचा आकडा हा जास्तीत जास्त समजा.

अंतर मोजता येत नसेल आणि टाकी जवळ असेल तर घरच्या साध्या पाइपने खात्री करता येते. पाइप नळाला घट्ट लावा, नळ पूर्ण सोडा आणि पाइपचं तोंड हळूहळू वर न्या, गरज पडली तर शिडीवर चढून. एका उंचीला धार बारीक होते, मग लुळी पडते, आणि शेवटी पाणी पाइपच्या तोंडाशी येऊन नुसतं हलतं, बाहेर पडत नाही. नळापासून त्या जागेपर्यंतची उंची मोजा. २.७ मीटर भरली तर तुमचं प्रेशर ०.२७ बार. पाणी शिडीच्या वरही जोरात उडत असेल तर प्लंबिंगच्या दुकानातून प्रेशर गेज आणून नळाला लावा, ते काही महाग नसतं.

बादली किती वेळात भरते यावरून प्रेशर ठरवू नका. जाड लाइन असेल तर कमी प्रेशरलाही बादली भराभर भरते. प्रवाह आणि प्रेशर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या पाइपला दुसरी हवी असते.

माझी बाग गच्चीवरच आहे आणि टाकी डोक्यावर. काहीच उपाय नाही का?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि उत्तर स्पष्ट द्यायला हवं: नुसत्या टाकीच्या पाण्यावर गच्चीत हा पाइप चालत नाही.

काय होतं ते सांगते. नळ सोडला, नोझल बंद ठेवलं की पाइप थोडा फुगतो, थोडा सरकतो. बरं वाटतं. मग तुम्ही तो ओढत शेवटच्या कुंडीपाशी नेता आणि नोझल दाबता. पाणी वाहू लागताच आतलं उरलंसुरलं प्रेशर पडतं, रबर आखडायला लागतं आणि पाइप हातातून नळाकडे खेचू लागतो. एका हाताने पाइप ताणून धरायचा, दुसऱ्या हाताने नोझल दाबायचं, आणि फवारा म्हणावा तर नोझलमधून पाणी ठिबकतंय. पाच मिनिटांत मनगट भरून येतं. जो त्रास वाचवायला पाइप आणला तोच दुप्पट होतो.

अशा गच्चीसाठी तोंडाशी नोझल नसलेला, अर्धा किंवा पाऊण इंची साधा पाइप हाच योग्य. कमी प्रेशरला जाड पाइप जास्त पाणी देतो. लांबी लागेल तेवढीच ठेवा, वीस फुटांत काम होत असेल तर पन्नास फूट घेऊ नका. कुंड्या पन्नासच्या आत असतील तर दोन झाऱ्या आणि टाकीच्या पायथ्याशी काढलेला एक नळ ही व्यवस्थाही वाईट नाही. झारीने प्रत्येक कुंडीला किती पाणी गेलं हे कळतं, पाइपने कळत नाही.

प्रेशर पंप बसवला तर?

तर चालेल. पंपाच्या पाटीवर ‘हेड’, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवू शकतो ते, मीटरमध्ये छापलेलं असतं. त्याला दहाने भागलं की जास्तीत जास्त किती बार मिळतील ते कळतं. प्रत्यक्ष पाणी वाहताना त्याहून कमीच मिळतील, म्हणून थोडी वरची क्षमता बघा.

पण केवळ या पाइपसाठी पंप बसवू नये असं माझं ठाम मत आहे. बाथरूमचा शॉवर नीट चालत नाही, वॉशिंग मशीन भरायला वेळ लागतो, म्हणून पंप बसवायचाच असेल तर गच्चीच्या नळालाही ती लाइन द्या आणि मग पाइपचा विचार करा. इमारत जुनी असेल तर आधी प्लंबरला विचारा. वर्षानुवर्षं अर्ध्या बारवर चाललेल्या सांध्यांना एकदम दोन बार दिले की गळती सुरू होऊ शकते.

पंप टाकीनंतर बसवायचा. महापालिकेच्या लाइनला थेट मोटर जोडणं बेकायदा आहे, शिवाय त्याने शेजाऱ्यांचं पाणी तुटतं.

आमच्याकडे पाणी थेट कॉर्पोरेशनच्या लाइनचं आहे, टाकीचं नाही.

पाणी येतं त्या वेळात गेज लावून बघा, तेही सुरुवातीला, मधे आणि शेवटी. उतारावरच्या भागात चांगलं प्रेशर मिळतं, लाइनच्या शेवटी असाल तर बहुधा नाही. आणि पाणी पहाटे तासभरच येत असेल तर त्या वेळात घरातलं पाणी भरायचं की बागेला घालायचं, हाही प्रश्न असतोच.

‘पन्नास फूट’ लिहिलंय म्हणजे नक्की काय?

पूर्ण ताणल्यावरची लांबी. रिकाम्या अवस्थेत तो साधारण सतरा फूट असतो. पाकिटावर मोठ्या अक्षरांत नेहमी ताणलेली लांबी असते, आणि तीही पुरेशा प्रेशरवरची. तुमचं प्रेशर काठावर असेल तर गरजेपेक्षा एक माप वरचं घ्या, म्हणजे तीस फूट लागत असतील तर पन्नास. प्रेशर भरपूर असेल तर उगाच मोठा घेऊ नका. जागा कमी असेल तर ताणलेला पाइप वेडावाकडा पसरतो आणि पायात येतो.

विकत घेताना काय बघायचं?

आतली नळी कशाची आहे ते आधी. लॅटेक्स म्हणजे नैसर्गिक रबर. ते छान ताणतं, छान आखडतं, तुलनेने कमी प्रेशरलाही हलतं, पण ऊन, उष्णता आणि क्लोरीन त्याला मारतात. टीपीई नावाचं कृत्रिम रबर त्यापेक्षा थोडं ताठ असतं आणि हवामान जरा बरं सोसतं. ‘चार थर’, ‘पाच थर’ असं छापलेलं असतं त्यावर मी फारसं जात नाही. पातळ पाच थरांपेक्षा जाड दोन थर बरे, आणि हे हाताने चेपून कळतं. घरात कोणाला लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर मात्र साहित्य नीट वाचूनच घ्या.

त्यानंतर टोकाचे जोड. प्लॅस्टिकचे जोड हा या पाइपचा सर्वांत कच्चा भाग. नळी फुटण्याआधी जोड तडकतो, किंवा नळी त्यातून निसटते. पितळी जोड घ्या. हातात घेतल्यावर तो जड लागायला हवा. पिवळा मुलामा दिलेलं प्लॅस्टिकही बाजारात आहे, ते नखाने खरवडलं की दिसतं.

खोळ घट्ट विणीची हवी. दोन बोटांनी कापड ताणून बघा, विणीतून आतली नळी दिसत असेल तर ठेवून द्या.

नोझलबरोबर वेगळा बंद-चालू कॉक असेल तर उत्तम. दहा प्रकारच्या फवाऱ्यांचं प्लॅस्टिक नोझल फुकट मिळतं म्हणून पाइप निवडू नका, त्यातले दोनच प्रकार वापरात राहतात.

आपल्या नळाला तो बसतो का?

आपल्याकडचा बागेचा नळ बहुधा अर्धा इंची, आणि बऱ्याच पाइपांचं तोंड पाऊण इंची. पाकिटात मधला जोड येतो का ते बघा, नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात पितळी मिळतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा आणि आतला रबरी वायसर जागेवर आहे ना हे तपासा. नवीन पाइप नळापाशी गळतो अशी तक्रार असते तेव्हा बऱ्याचदा वायसर पडलेला किंवा दुमडलेला निघतो.

नळाला आटे नसतील, नुसती निमुळती चोच असेल, तर रबरी तोंड घालून क्लिपने आवळायचा जोड मिळतो. साध्या पाइपला तो पुरतो. इथे मात्र नोझल बंद केलं की सगळं प्रेशर त्या क्लिपवर येतं आणि जोड फटकन निघून येतो. त्यापेक्षा आट्यांचा नळ बसवून घ्या.

अमेरिकेहून मुलीने पाठवलाय. चालेल?

तिथल्या गार्डन पाइपचे आटे वेगळे. त्यांचे एका इंचात साडेअकरा, आपल्या पाऊण इंची बीएसपीचे (आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचे) चौदा. व्यास जवळपास सारखाच असल्याने पहिला फेरा बसतो, मग अडतो. पान्याने जोर लावला तर पितळी आटे खराब होतात. दोन्हींमधला योग्य जोड ऑनलाइन मिळतो, तो मागवा. आणि मुलीच्या अंगणात झकास चालणारा पाइप इथे रुसला तर पाइपचा दोष नाही, तिथलं प्रेशर इथे नाही एवढंच.

टिकतो किती?

वापरावर फार अवलंबून आहे, आणि म्हणूनच लोकांची मतं टोकाची असतात. कोणी दोन-तीन उन्हाळे काढतं, कोणाचा पहिल्या मे महिन्यात फुटतो. साधा चांगला ब्रेडेड पाइप याच्यापेक्षा जास्त वर्षं जातो, यात शंका नाही. किंमत तोलताना हा पाइप दर एक-दोन वर्षांनी पुन्हा घ्यावा लागेल असं धरून तोला. तरीही परवडतोय असं वाटलं तर घ्या.

पाइप बहुतेक वेळा फुटतो तो एकाच सवयीने: काम झाल्यावर नोझल बंद करायचं आणि नळ तसाच चालू ठेवायचा. पाइप फुगलेला, तापलेल्या फरशीवर, दुपारच्या उन्हात. आतली ताणलेली रबराची नळी या स्थितीत तासन् तास राहते आणि जिथे सर्वांत पातळ असेल तिथे जाते. विदर्भात उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर पारा जातो, तिथे सिमेंटची गच्ची त्याहून किती तापते हे अनवाणी चालणाऱ्याला सांगायला नको.

म्हणून क्रम असा: आधी नळ बंद. मग नोझल दाबून ठेवा, पाइप स्वतःच आखडत पाणी बाहेर टाकतो. पूर्ण रिकामा झाला की नळापासून काढा आणि सावलीत, हवेशीर जागी टांगा. एवढं केलं तर आयुष्य वाढतं. हे रोज होणार नाही असं वाटत असेल तर हा पाइप तुमच्यासाठी नाही.

कोकणात, गोव्यात काही वेगळी काळजी?

जांभा. चिऱ्याच्या गडग्यावरून, पायऱ्यांच्या कडेवरून हा पाइप सतत घासला की खोळीचे धागे उसवतात, आणि खोळ गेली की नळी गेलीच. आखडताना तो स्वतःहून सरपटतो, त्यामुळे तुम्ही ओढत नसतानाही घासत असतो. शिवाय दमट हवेत ओली खोळ लवकर वाळत नाही, तिच्यावर शेवाळं आणि बुरशी धरते. माकडांचा उपद्रव असेल तर कुठलाच पाइप बाहेर सोडू नये. घुशी-उंदरांचंही तेच.

गुलाब, लिंबू, बोगनवेल आहे. काट्यांनी फुटेल का?

फुटतो. काटा विणीतून सहज आत जातो. काटेरी झाडांच्या बुडातून पाइप नेऊ नका.

भोक पडलं तर दुरुस्ती होते का?

मधे पडलं तर जवळपास नाही. चिकटवलेला तुकडा ताणल्यावर सुटतो. टोकाजवळ पडलं असेल आणि जोड आट्यांनी आवळायचा असेल तर नळी आणि खोळ कापून जोड पुन्हा बसवता येतो. कापताना नळी खोळीच्या आत पळते, म्हणून आधी चिमटा लावून दोन्ही एकत्र धरून ठेवा. साधा पीव्हीसी पाइप मात्र फुटला तिथे कापून, जोडणी घालून, दोन क्लिपा आवळल्या की पाच मिनिटांत चालू होतो. मला स्वतःला साध्या पाइपचा हा गुण फार मोठा वाटतो.

बोअरचं पाणी चालतं का?

चालतं. क्षार जास्त असतील तर नोझलची भोकं बुजतात, ती अधूनमधून व्हिनेगरमध्ये भिजवून साफ करा. रेती येत असेल तर नळाशी जाळी लावा. बोअरची मोटर थेट पाइपला जोडणार असाल तर मात्र थांबा. खोल बोअरच्या पंपाचं प्रेशर घरगुती पाइप झेलू शकेल त्याच्या कितीतरी वर जाऊ शकतं. टाकीत पाणी घेऊन मग वापरा.

कुंड्या पडतात असं ऐकलंय.

खरं आहे. नळ बंद झाल्यावर पाइप आखडतो आणि वाटेत जे येईल ते ओढतो. मातीने भरलेली मोठी कुंडी हलत नाही, पण काठावर ठेवलेल्या छोट्या प्लॅस्टिकच्या कुंड्या सरळ खाली येतात. कठड्यावर कुंड्या असतील आणि खाली लोकांचा वावर असेल तर हा गंभीर मुद्दा आहे. पाइप कुंड्यांच्या रांगेतून न नेता मधल्या मोकळ्या जागेतून न्या आणि आखडताना टोक हातात धरून नळाकडे चालत या.

आईला जड पाइप ओढवत नाही. तिच्यासाठी घ्यावा का?

या पाइपची बाजू मी मनापासून घेते ती इथेच. पन्नास फुटी अर्धा इंची साध्या पाइपात नुसतं पाणीच जवळपास दोन लिटर, म्हणजे दोन किलो असतं. वर पाइपचं स्वतःचं वजन, वळणावर पडणारी घडी आणि शेवटी वाकून गुंडाळण्याचं काम. गुडघे, कंबर, खांदा दुखणाऱ्या माणसाला बाग सोडून द्यावी लागते ती पुष्कळदा यामुळेच. प्रेशर नीट असेल तर लांबणारा पाइप हलका चालतो, घडी पडत नाही आणि गुंडाळावा लागत नाही. दर दोन वर्षांनी नवीन घ्यावा लागला तरी घ्यावा. फक्त नोझल दाबून धरायचं नको, फिरवून चालू राहणारं घ्या, कारण संधिवाताच्या बोटांना दाबून धरणं जमत नाही. आणि फुगलेल्या पाइपवर पाय पडून घसरण्याची भीती असते, म्हणून तो गडद रंगाऐवजी ठळक दिसेल अशा रंगाचा आणा.

गाडी धुवायला चांगला?

उंच इमारतीत पार्किंगमधल्या नळाला प्रेशर असतं, त्यामुळे तिथे तो खरोखर चांगला चालतो. रंगावर ओरखडाही येत नाही. पण पाणीटंचाईच्या दिवसांत सोसायटी पाइपने गाडी धुवायला मनाई करते ते योग्यच आहे. एक बादली आणि फडकं पुरतं.

या पाइपचं पाणी प्यायलं तर चालतं?

नाही. पिण्याच्या पाण्यासाठी बनवल्याचं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर कुठल्याही गार्डन पाइपचं पाणी पिऊ नये. मुलांना खेळायला द्यायच्या आधी किंवा पक्ष्यांचं भांडं भरायच्या आधी सुरुवातीचं पाणी सोडून द्या. पाइपात साचून उन्हात कोमट झालेल्या पाण्यात जिवाणू वाढतात. रिकामा करून ठेवण्याचं हे आणखी एक कारण. भाजीपाल्याच्या मुळाशी घालायला हरकत नाही, मात्र साचलेलं तापलेलं पाणी रोपांवर एकदम सोडू नका.

टायमर किंवा ठिबक जोडता येईल का?

जोडू नका. टायमरला जोडला की पाइप कायम नळाला लावलेला, उन्हात पडलेला आणि बराच वेळ फुगलेला राहतो, म्हणजे वर सांगितलेली फुटण्याची सगळी कारणं एकत्र येतात. ठिबकसाठी काळी ठिबकचीच नळी वापरा. जळगाव हे ठिबकचं मोठं केंद्र आपल्याच राज्यात आहे, त्यामुळे गच्चीच्या बागेसाठी लागणारे छोटे संच, ड्रिपर, जोड हे सगळं गावोगावी कृषी केंद्रांत मिळतं. कमी उंचीवरच्या टाकीवर चालणारे संचही असतात.

शेतात किंवा फवारणीला?

नाही. शेतातल्या पाण्याला लपेटा (रिकामा झाला की चपटा होणारा, गुंडाळता येणारा) पाइप, फवारणीला फवारणीचाच उच्च दाबाचा पाइप.

मग दुसरे पर्याय कोणते?

सर्वसाधारण घराला तीन थरांचा, आत नायलॉनची जाळी असलेला ब्रेडेड पाइप. दुकानात मीटरवर कापून मिळतो. घेताना दुमडून बघा, लगेच घडी पडून चपटा होत असेल तर नको. भिंतीला एक रुंद हूक किंवा जुनं टायर-रिम लावलं तर गुंडाळणं सोपं जातं.

बाल्कनीसाठी स्प्रिंगसारखा वेटोळ्यांचा पाइप असतो. तो प्रेशरवर लांबत नाही, हाताने ओढला की लांबतो, त्यामुळे कमी प्रेशरलाही हाताशी येतो. त्याचा व्यास लहान असल्याने पाणी मात्र हळू येतं. पाच-दहा कुंड्यांना पुरतं.

पावसाळ्यात कसा ठेवायचा?

जूनमध्ये पाइपचं काम संपलं की पूर्ण रिकामा करा, दोन दिवस सावलीत वाळू द्या, सैल वेटोळं करून कापडी पिशवीत घरात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत ओल राहते. ऑक्टोबरमध्ये काढाल तेव्हा आधी वायसर बघा, तो कडक झाला असेल तर बदला.

ऑनलाइन मागवलाय. आल्यावर काय तपासू?

आल्या दिवशीच नळाला लावा, नोझल बंद ठेवा आणि नळ हळूहळू सोडा, एकदम नाही. पाइप पूर्ण लांब होऊ द्या. टोकापासून टोकापर्यंत हात फिरवत जा: कुठे फुगवटा आहे का, जोडांपाशी ओल येते का. मग नोझल उघडा आणि पाणी वाहत असताना लांबी मोजपट्टीने मोजा, कारण तुम्हाला उपयोगी पडणारी लांबी तीच. शेवटच्या कुंडीपर्यंत नोझल ताण न देता पोचलं पाहिजे. पोचत नसेल तर पाइप वाळवून, खोक्यात घालून परतीच्या मुदतीत परत करा. ‘वापरून सैल होईल’ असं विक्रेता सांगेल, पण प्रेशर कमी असेल तर वापरून काही बदलत नाही.